हाडांचा हिशोब कोण ठेवणार?

शिरोडा म्हटले की मराठी वाचकाला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आणि दुसरी म्हणजे वि. स. खांडेकर. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे खांडेकर या गावात शाळामास्तर होते. गावाच्या कडेला मिठागरे होती आणि त्याच मिठागरांवर कोकणातल्या व देशावरच्या सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. चिमूटभर खनिजासाठी एवढे मोठे राज्य हादरू शकते, हा त्या लढ्याचा धडा. तो इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळेच वाचतो. चिमूटभर खनिज इकडचे तिकडे झाले तर माणसाचे शरीरही हादरते, हा दुसरा धडा मात्र आपल्याला कोणी नीट शिकवलेला नाही.

हा धडा मूत्रपिंडांचा आहे. ‘किडनी फेल झाली’ हे शब्द आता कोकणातल्या प्रत्येक वाडीला परिचयाचे झाले आहेत. मधुमेह आणि रक्तदाब घरोघर पोहोचले, त्यांच्या पाठोपाठ हेही आले. मूत्रपिंड निकामी म्हणजे अंगावर सूज, धाप, उलट्या आणि शेवटी डायलिसिस, इथपर्यंत लोकांना ठाऊक असते. पण हाच आजार वर्षानुवर्षे हाडे पोखरतो, उंची कमी करतो, जबडा फुगवतो, दातांत फटी पाडतो आणि क्वचित प्रसंगी माणसाचा चेहराच बदलून टाकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ज्यांनी ते वेळेवर सांगायचे त्या आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या वहीतही या दुखण्याला धड रकाना नाही.

गाळणी नव्हे, कोठावळा

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, असे आपण शाळेत शिकलो. ते खोटे नाही. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर पडतो. पण ही गाळणी निव्वळ गाळणी नाही. ती शरीराच्या कोठाराची कोठावळीणही आहे. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत साठवलेले असते. रक्तात त्यांचे प्रमाण थोडे, पण ते काटेकोर राखावे लागते, कारण स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे ठोके त्यावर चालतात. अन्नातून जास्तीचे फॉस्फरस आले की मूत्रपिंड ते बाहेर टाकते. ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे कामाचे अंतिम रूप देण्याची जबाबदारीही मुख्यतः मूत्रपिंडाचीच. हा शोध केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० मध्ये लावला. त्यापूर्वी मूत्रपिंडाच्या रुग्णाची हाडे ठिसूळ का होतात, याचे उत्तर अर्धेच होते.

कोठावळा आजारी पडला की काय होते? फॉस्फरस साचू लागते. ‘ड’ जीवनसत्त्व कामाला येत नाही, म्हणून आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. रक्तातले कॅल्शियम घसरू लागते. मानेत, अवटू ग्रंथीच्या पाठीशी तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात. त्यांना ही घसरण सहन होत नाही. त्या आपला रस वाढवतात आणि हा रस हाडांना हुकूम देतो की, कोठार उघडा, कॅल्शियम सोडा. एक-दोन दिवसांपुरता हा हुकूम योग्यच असतो. पण आजार वर्षानुवर्षे चालतो, ग्रंथी सुजून मोठ्या होतात आणि शेवटी कोणाचेही ऐकेनाशा होतात. हाडे झिजत राहतात. त्यांची जागा काही ठिकाणी तंतूंची मऊ, फुगीर ऊती घेते. हाडातून निघालेले कॅल्शियम तिकडे भलत्याच जागी, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसते. घराचे वासे काढून ते दारात आडवे टाकावेत, तसला हा प्रकार.

गेंडा, घोडा आणि कप्तान

या ग्रंथींचा इतिहास मोठा गमतीदार आहे आणि त्याची सुरुवात आपल्या देशातल्या एका प्राण्यापासून होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा होता. १८४९ मध्ये तो मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि त्याच्या मानेत एक छोटीशी पिवळसर ग्रंथी पाहून तिची नोंद केली. माणसातल्या अशाच ग्रंथींचे वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने प्रसिद्ध केले. त्या कशासाठी असतात, हे मात्र जगाला कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

त्या बिघडल्या तर काय होते, हे चार्ल्स मार्टेल नावाच्या एका अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने स्वतःच्या देहावर दाखवले. उंचापुरा, धिप्पाड असा हा दर्यावर्दी काही वर्षांत सुमारे सात इंचांनी बुटका झाला. हाडे मोडत गेली, मणके खचले, मूत्रपिंडात खडे झाले. त्याच्या मानेवर आणि छातीवर एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या; दोषी ग्रंथी शेवटच्या खेपेला, १९३२ मध्ये, छातीच्या पोकळीत सापडली. तोवर फार उशीर झाला होता आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच्या बाबतीत बिघाड मुळात ग्रंथीचा होता आणि मूत्रपिंड नंतर गेले. आपण ज्या रुग्णांबद्दल बोलत आहोत त्यांच्यात क्रम उलटा असतो. पण हाडांनी भरायची किंमत तीच.

तिसरे उदाहरण घोड्याचे. पूर्वी युरोपातल्या पिठाच्या गिरण्यांवर राबणाऱ्या घोड्यांना कोंडा भरपूर खायला मिळे. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. काही काळाने या घोड्यांची तोंडे दोन्ही बाजूंनी फुगत आणि दात हलू लागत. त्यांच्या मूत्रपिंडांत दोष नव्हता. फक्त फॉस्फरसचा मारा होता. आणि शरीराने त्याची पहिली उघड खूण उमटवली ती चेहऱ्याच्या हाडांवर. जबड्याच्या हाडात उलाढाल सतत चालू असते. त्यामुळे परावटूचा जुलूम तिथे लवकर दिसतो.

चेहरा बदलतो तेव्हा

हे माणसातही घडते. दातांच्या मुळांभोवतीची हाडाची पातळ पांढरी रेघ क्ष-किरण चित्रात पुसट होणे ही त्याची एक सुरुवातीची खूण. पुढे जबड्यात किंवा टाळूत तपकिरी गाठी येतात. त्या कर्करोगाच्या नसतात, पण घाबरवतात मात्र तशाच. कित्येकदा रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो आणि मूळ दुखणे मूत्रपिंडाचे आहे याचा पत्ता तिथे लागतो. अगदी टोकाच्या रुग्णांत वरचा आणि खालचा जबडा वाढत जातो, गालाची हाडे पुढे येतात, नाक दबते, दातांमध्ये फटी पडतात. डॉक्टरांनी जुन्या काळापासून याला सिंहमुख म्हटले आहे. तुर्कस्तानातल्या अदाना येथील याह्या साग्लिकर या मूत्रपिंडतज्ज्ञाने २००४ मध्ये अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. बदललेला चेहरा, खुंटलेली किंवा घटलेली उंची, वाकलेली बोटांची टोके आणि खचलेले मन, असा तो संच आता त्याच्याच नावाने ओळखला जातो. भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांतही अशा रुग्णांच्या नोंदी आहेत.

हे टोक दुर्मीळ आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. डायलिसिसवरच्या प्रत्येकाचा चेहरा बदलत नाही. वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुर्मीळ म्हणून ते दुर्लक्षिण्याजोगेही नाही. कारण ते टोक ज्या डोंगराचे आहे, तो डोंगर दुर्मीळ नाही. हाडदुखी, असह्य खाज, मांड्यांतली अशक्तता, जिना चढताना लागणारा आधार, साध्या ठेचेने मोडलेले हाड, हे सगळे त्याच डोंगराचे उतार आहेत. आणि गावात त्याचे निदान काय होते? वाताचे दुखणे. मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या येतात. महिनोन्महिने घेतलेल्या त्याच गोळ्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडाचा घास घेतात. दुखणे मूत्रपिंडाचे, औषध हाडांचे, आणि नुकसान पुन्हा मूत्रपिंडाचे. यापेक्षा क्रूर चक्र शोधून सापडणार नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी प्रयोगशाळेत मोजता येत नाही. शहरात माणूस नावावर, पत्त्यावर, ओळखपत्रावर जगतो. गावात तो चेहऱ्यावर जगतो. जत्रेत, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर लांबून ओळखले जाणे हीच तिथली पत. तो चेहरा बदलला की माणूस प्रथम जत्रा टाळतो, मग लग्नकार्ये टाळतो, मग दार लावून घेतो. तरुण मुलीच्या बाबतीत तर घरचेच तिला पाहुण्यांसमोर येऊ देत नाहीत. ज्याचा जीव यंत्राने वाचवला, त्याला आपण असे जिवंतपणी गावाबाहेर घालवतो. हे दुखणे केवळ सौंदर्याचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कधीतरी आरशाला पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलावे.

न जुळणारी वजाबाकी

यावर कोणी म्हणेल, डायलिसिस आहे ना! डायलिसिस हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो बहुधा जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५ मध्ये आणीबाणीतल्या स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार सुरू झाले. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले, पण त्या यंत्राने त्यांना मधली वर्षे दिली. तेव्हा जे एका लोकनायकाला मिळाले, ते आज सरकारी योजनांतून सामान्य माणसाला मिळू लागले आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ही प्रगती मोठी आहे आणि तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

पण फॉस्फरसची साधी वजाबाकी करून पाहा. बेताने जेवणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम फॉस्फरस जाते. त्यातले ६० टक्के शोषले गेले, तर आठवड्याचे ४२०० मिलिग्रॅम झाले. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने ८०० मिलिग्रॅम बाहेर पडते. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस झाले तरी २४०० च निघाले, १८०० उरले. खर्चामुळे किंवा प्रवासामुळे दोनच वेळा झाले, तर उरले २६००. हे उरलेले कुठे जाणार? यंत्र रक्त धुते, पण हाडांचा हिशोब पुरा करीत नाही. तो पुरा करायचा तर आहार सांभाळावा लागतो, जेवणाबरोबर फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, ‘ड’ जीवनसत्त्वाचे तयार रूप मोजूनमापून द्यावे लागते आणि ग्रंथी ऐकेनाशी झाली तर विशेष औषधे किंवा शस्त्रक्रिया. या सगळ्याच्या मुळाशी रक्ताच्या तपासण्या आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार डायलिसिसवरच्या रुग्णाचे कॅल्शियम व फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी आणि परावटूचा रस तीन ते सहा महिन्यांनी तपासला पाहिजे. आपल्याकडे किती रुग्णांच्या फायलीत हे आकडे ओळीने सापडतील? योजनांचा हिशोब मुख्यतः फेऱ्यांवर चालतो. किती यंत्रे बसवली, किती फेऱ्या झाल्या. यंत्राचे उद्‌घाटन करता येते, फीत कापता येते. फॉस्फरसच्या तपासणीचे उद्‌घाटन कोण करणार?

सीमेवरचे दुखणे

सिंधुदुर्गाच्या बाबतीत या हिशोबात प्रवासाचीही भर पडते. शिरोडा हे वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाचे गाव. रेडी ओलांडली, तेरेखोलची खाडी लागली की पलीकडे गोवा. मोठे दुखणे आले की या भागातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहत आला आहे. जानेवारी २०१८ मध्ये गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. आपल्या जिल्ह्यात सोय का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यानंतर ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची बाब. तरीही मूत्रपिंडतज्ज्ञ, परावटूची शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक, प्रत्यारोपण, यांसाठी रुग्णाला गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईचीच वाट धरावी लागते. ज्याची हाडे खिळखिळी झाली आहेत, त्याने खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाऊन येऊन शंभर किलोमीटर करायचे आणि हे वर्षानुवर्षे करायचे, हा उपचाराचाच एक भाग समजला जातो.

शेजारचा अनुभवही डोळे उघडणारा आहे. दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा शेतकरी-कष्टकऱ्यांचीही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे आढळले. अनेक पाहण्या होऊनही त्याचे निर्विवाद कारण ठरलेले नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांत, लोक मूत्रपिंडाच्या दुखण्याचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडत आले आहेत. म्हणजे हा रोग केवळ शहरी सुखवस्तूंचा, असे समजून चालणार नाही.

आधी जीव, मग हाडे?

प्रशासनाकडून आणि कधी डॉक्टरांकडूनही एक युक्तिवाद ऐकू येतो. पैसा थोडा, रुग्ण फार. आधी जीव वाचवू, हाडांचे मग पाहू. ऐकायला हे व्यवहारी वाटते, पण ते खरे नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाचा मृत्यू बहुधा हृदयविकाराने होतो आणि हाडातून सुटून रक्तवाहिन्यांत बसलेले कॅल्शियम हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणजे हाडे आणि जीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. शिवाय कॅल्शियमयुक्त साध्या बंधक गोळ्या काही फार महाग नाहीत. महाग पडतो तो उशीर. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया महाग असते. आणि एकदा बदललेला चेहरा, ग्रंथी काढल्या किंवा नवे मूत्रपिंड बसवले तरी, बहुतेक वेळा पहिल्यासारखा होत नाही. जे परत मिळवता येत नाही, ते जपणे हाच शहाणपणाचा खर्च.

काय करता येईल? पहिली गोष्ट डायलिसिसच्या फार आधीची आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासणे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातले हे काम आहे. मूत्रपिंड निम्मे कामातून गेल्यावर, अजून डायलिसिस दूर असतानाच, कॅल्शियम-फॉस्फरसवर नजर ठेवायला सुरुवात व्हावी. लहान मुलांच्या बाबतीत तर ती त्याहूनही आधी हवी, कारण त्यांची वाढायची हाडे वाट पाहत नाहीत. दुसरी गोष्ट, शासनाच्या योजनेत डायलिसिसच्या फेरीबरोबर या तपासण्या आणि बंधक गोळ्या बांधून द्याव्यात. केंद्राला पैसे देताना फेऱ्यांइतकेच हे आकडेही विचारावेत. तिसरी, प्रत्येक केंद्रात दर सहा महिन्यांनी रुग्णाची उंची मोजावी, एक छायाचित्र काढावे आणि दंतवैद्याने तोंड पाहावे. याला ना यंत्र लागते, ना मोठा निधी. एक मोजपट्टी आणि आस्था पुरे.

चौथी गोष्ट स्वयंपाकघरातली. रुग्णाच्या हातात जो आहाराचा छापील कागद पडतो, तो बहुधा कोकणी ताटाला अनोळखी असतो. इथल्या माणसाला सांगायला हवे की, काट्यासकट चावून खाल्लेल्या सुक्या मासळीत फॉस्फरस भरपूर आणि मीठही भरपूर; शंभर ग्रॅम काजूगरात सुमारे ५०० ते ६०० मिलिग्रॅम फॉस्फरस असते; शहाळ्याच्या पाण्यातले पोटॅशियम अशा रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकते. पण हेही सांगायला हवे की, कुळथासारख्या कडधान्यातले फॉस्फरस शरीर कमी शोषते, आणि बाटलीतल्या काळ्या पेयांतले व टिकवलेल्या तयार खाद्यपदार्थांतले मात्र जवळजवळ सगळेच शोषले जाते. म्हणजे आजीची कुळथाची पिठी नातवाने आणलेल्या शीतपेयापेक्षा हाडांना कमी त्रास देते. प्रथिने सरसकट तोडूनही चालत नाही, डायलिसिसवरच्या रुग्णाला ती लागतातच. म्हणून ताजी मासळी किती आणि कशी, हे मालवणी ताट ओळखणाऱ्या आहारतज्ज्ञाने प्रत्येकाचे आकडे पाहून सांगावे. सगळेच बंद करा असे सांगितले की माणूस काहीच बंद करीत नाही.

आणि पाचवी गोष्ट आपली, म्हणजे सगळ्या वाचकांची. घरातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाने हाडे दुखतात म्हटले, तर त्याला परस्पर गोळी देऊ नका. डॉक्टरांना विचारा, फॉस्फरस किती आहे? परावटूचा रस शेवटचा कधी तपासला? हे दोन प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. रुग्णाने विचारलेला प्रश्न हा उद्धटपणा नव्हे, तो उपचाराचा भाग आहे, हे डॉक्टरांनीही मान्य करायला हवे.

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर गेलेल्या माणसांची मागणी तशी साधी होती. आपल्या समुद्राचे मीठ उचलण्याचा हक्क आपल्याला असावा. आजच्या रुग्णाची मागणीही तेवढीच साधी आहे. आपल्या रक्तातल्या खनिजांचा हिशोब आपल्याला वेळेवर कळावा. तो मागायला लाठ्या खाव्या लागत नाहीत. पण मागावा मात्र लागतो, आणि जोवर आपण मागत नाही, तोवर तो कोणी ठेवणार नाही.